बोट लागू नये म्हणून

दिवाळी सरली की आमच्या दवाखान्यात अंदमानची तिकिटे दिसू लागतात. पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचे श्रीविजयपुरम; तेथून हॅवलॉक, ज्याला २०१८ पासून स्वराज द्वीप म्हणतात; आणि मग नील, म्हणजे शहीद द्वीप. सहा दिवस, तीन बेटे, चार वेळा बोट. मुले आई-वडिलांना मोठ्या हौसेने नेतात. मुलांच्या डोळ्यांसमोर निळे पाणी आणि किनाऱ्यावरचे रिसॉर्ट असते. आपल्या पिढीच्या मनात बहुधा सेल्युलर जेल असते. निघण्याआधी सारे एकच विचारतात, “डॉक्टर, झेपेल ना?” बहुतेकांना मी जा असेच सांगतो. मात्र, वाचकहो, गेल्या हिवाळ्यातील माझी एक चूक आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

शहात्तर वर्षांचे एक निवृत्त शिक्षक प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी आले. दवाखान्यात गर्दी होती. “बोट लागू नये म्हणून काही तरी द्या,” एवढेच ते म्हणाले. मी प्रोमेथाझिनच्या गोळ्या लिहून दिल्या. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागते, प्रोस्टेटसाठी दुसऱ्या डॉक्टरांची गोळी चालू आहे, हे त्यांनी सांगितले नाही. मी विचारलेही नाही. सकाळी बोटीत चढण्यापूर्वी त्यांनी एक गोळी घेतली. मळमळ उरली म्हणून दुपारी आणखी एक. संध्याकाळपासून लघवी थांबली. रात्री नऊपर्यंत ओटीपोट दगडासारखे झाले. अंधार पडल्यावर बेटावरून परतीची प्रवासी बोट नसते. सुदैवाने तेथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. तेथील तरुण डॉक्टरांनी नळी घालून त्यांची सुटका केली. दुसऱ्या दिवशी मंडळी पोर्ट ब्लेअरला परतली आणि सरांनी उरलेली सहल नळी-पिशवीसह खोलीतच काढली. जेल शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवले होते. ते राहूनच गेले.

हे का घडले? बोट लागू नये म्हणून मिळणाऱ्या अनेक गोळ्या मळमळ थांबवताना मूत्राशयाच्या स्नायूलाही सुस्त करतात. तरुणाला त्याचे काही वाटत नाही. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी मात्र तुंबू शकते. काही प्रकारच्या काचबिंदूत या गोळ्यांनी डोळ्यातील दाब वाढतो, आणि वयस्कर व्यक्तीला गुंगी येऊन हलत्या बोटीच्या पायरीवर तोल जाणे तर अगदी सोपे. सिनारिझिन नावाची दुसरी गोळी कंपवाताच्या रुग्णांना चालत नाही, कारण तिने कंप आणि ताठरपणा वाढू शकतो. तेव्हा औषधाच्या दुकानातून ‘बोटीची गोळी’ मागून आणू नका. आपल्या सर्व गोळ्या पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ओता, आणि त्यांना घाई असली तरी ओता.

गोळीवाचूनही पुष्कळ साधते. बोटीच्या मध्यभागी, शक्यतो खालच्या मजल्यावर बसावे. हेलकावे तेथे कमी जाणवतात. मोबाइल पाहू नये, नजर क्षितिजावर ठेवावी. पोट अगदी रिकामे नको आणि तुडुंबही नको. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. ज्येष्ठांनी हिवाळाच निवडावा.

मधुमेहींसाठी येथे एक वेगळाच पेच आहे. अंदमान इतके पूर्वेला आहे की घड्याळ तेच असूनही सूर्य मुंबईपेक्षा सुमारे सव्वा तास आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. डिसेंबरात सव्वापाचच्या सुमारास किनाऱ्यावर अंधारू लागते. दिवस पहाटेच सुरू होतो, बोटी लवकर सुटतात. घाईत इन्सुलिन टोचले जाते, न्याहारीचा डबा ‘बोटीत खाऊ’ म्हणून हातात राहतो, आणि बोट हलू लागली की घास उतरत नाही. साखर झपाट्याने खाली येते. घाम आणि थरथर यांना सोबतचे लोक बोट लागणेच समजतात! जेवणाआधीचे इन्सुलिन ताट समोर आल्याशिवाय टोचू नये, आणि साखरेची पुडी खिशात असावी. बॅगेत नव्हे, खिशात. इन्सुलिन विमानात हातातल्या पिशवीत न्यावे, बर्फाला थेट टेकवू नये आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये.

पाण्याविषयी आजीबाईंना खास सांगणे आहे. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही, या धास्तीने आपण सकाळपासून पाणी पीत नाही. दमट उन्हात घाम चालूच राहतो; वर रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी असली की उभे राहताच चक्कर येते. काही जण ती गोळी प्रवासात आपल्या मनाने बंद करतात, आणि दुर्बल हृदयाच्या व्यक्तीचे पाय चार दिवसांत सुजतात. गोळी बंद नको. तिची वेळ पुढे-मागे करता येते का, ते निघण्यापूर्वी विचारा.

वाळूत अनवाणी चालण्याचा मोह सर्वांना होतो. ज्यांच्या तळपायाला बधिरता आहे त्यांनी तो टाळावा. तापलेली वाळू आणि प्रवाळाची धार त्यांना कळतच नाही. मागे पट्टा असलेली सँडल घाला. रात्री सोबतच्या व्यक्तीने दोन्ही तळपाय उजेडात पाहावेत. पाण्याखाली चालण्याच्या किंवा श्वासनळी लावून पोहण्याच्या खेळापूर्वी तब्येतीच्या अर्जावर सही घेतात. हृदयविकार असलेल्यांनी ती ‘सगळे करतात म्हणून’ करू नये.

आता जेलविषयी. इमारत तीन मजली आहे आणि सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर. तेथे गेल्यावर खाली थांबायला आपले मन तयार होत नाही, हे मी जाणतो. म्हणून घरच्यांनी ‘बाबा, तुम्ही इथेच बसा’ असे म्हणू नये. सकाळच्या गारव्यात जा, प्रत्येक मजल्यावर पाच मिनिटे टेका. छातीत दडपण आले तर तेथेच थांबा. आणि जेल पहिल्याच दिवशी पाहा, शेवटी ठेवू नका.

सर परतल्यावर मी क्षमा मागितली. ते हसले, “तुम्ही विचारलं नाहीत, मीही सांगितलं नाही. पाठ दोघांचाही कच्चा.” नळी निघाली, औषध बदलले, आता त्यांचे बरे आहे. गेल्या आठवड्यात ते पुन्हा तिकिटे दाखवायला आले. मी तिकिटे बाजूला ठेवली आणि आधी गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली. आत तीन डॉक्टरांच्या मिळून अकरा पाकिटे होती, त्यांत माझ्या गेल्या वर्षीच्या प्रोमेथाझिनचे उरलेले पाकीटही होते.