कुत्रा की मांजर?

दिवाळीची सुट्टी लागली की मुलांचा हट्ट ठरलेला! थोरल्याला कुत्रा हवा, धाकटीला मांजर. हे वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणतात, "आणा की!" मैत्रिणींनो, 'आणा' म्हणणारे चार आणि निस्तरणारी एक, हे का आपल्याला नवीन आहे? म्हणून प्राण्याचं रूप पाहण्याआधी आपल्या घराचा दिवस कसा जातो ते पाहावं.

कुत्रा मुळात कळपातला. घरची माणसं हाच त्याचा कळप, त्यामुळे एकटेपणा त्याला सोसत नाही. दोघंही नोकरीला, मुलं शाळेत आणि दाराला कुलूप असेल, तर ते बिचारं भुंकून शेजार डोक्यावर घेतं, चपला कुरतडतं. शिवाय दोन वेळा फिरवणं आलंच, मग पाऊस असो की पाहुणे! मांजर एकट्यानं शिकार करणारं. त्याला फिरवावं लागत नाही. कोपऱ्यात वाळूचं घमेलं ठेवलं की ते लवकर शिकतं. घमेलं मात्र रोज साफ करावं. दिवस गेलेले असतील तर हे काम दुसऱ्याकडे सोपवावं, कारण मांजराच्या विष्ठेतून होणारा एक संसर्ग पोटातल्या बाळाला बाधू शकतो.

मांजर दूध-पोळीवर जगतं, हा आपला गैरसमज. पुष्कळशा मोठ्या मांजरांना दूध पचतच नाही. टॉरिन नावाचं द्रव्य त्यांना मांस-मासळीतून मिळतं. ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय अधू होतं. शाकाहारी घरांनी याचा आधीच विचार करावा. कुत्रा अन्नाच्या बाबतीत सोशिक, पण कांदा, बेदाणे आणि चॉकलेट त्याला देऊ नये. आणि आपली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला म्हणजे विषच!

आता घरचीच गोष्ट सांगते. मामंजी गेल्यावर सासूबाई अगदी अबोल झाल्या. सोबत म्हणून आम्ही हौसेनं कुत्र्याचं दणकट पिल्लू आणलं. आठच दिवसांत त्यानं साखळीला असा हिसका दिला, की सासूबाई पडता पडता वाचल्या. चूक पिल्लाची नव्हे, आमची. ते दिरांच्या मळ्यावर गेलं आणि तिथे रमलं. पुढे पावसाळ्यात एक मांजरी आपणहून जिन्यात येऊन बसली. जन्मभर मांजराला 'शुक् शुक्' करणाऱ्या सासूबाई चार दिवसांनी मला विचारतात, "अगं, ही जेवली का?" कित्येक दिवसांनी त्या आपण होऊन बोलल्या होत्या.

काहीही आणा, पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचून घ्या आणि पुढच्या लशी डॉक्टरांच्या सल्ल्यानं चुकवू नका. रेबीज मांजरापासूनही होतो! चावलं किंवा ओरखडलं तर हळद-चुना न लावता जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणखी एक. कुत्रा १० ते १३ वर्षं जगतो, घरातलं मांजर १५ वर्षंसुद्धा. आज हट्ट करणारं मूल तोवर शिकायला परगावी गेलेलं असेल. तेव्हा पायाशी येऊन बसणारं कोण हवं, हे मुलांना नव्हे, स्वतःला विचारा.