लेकराची सोय ठरवूनच गाडी भरा

धारूर तालुक्यातील ऊसतोड कुटुंबं, मुकादम आणि गावात मागं राहणाऱ्या सर्वांना जाहीर आवाहन

बालाघाटातली सीताफळं उतरू लागली की आपल्याकडं कोयत्यांची जुळवाजुळव सुरू होते. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडं, कर्नाटकाकडं निघतात, त्या मार्च-एप्रिललाच परततात. शाळेच्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, निदान कागदावर तरी. एक ते तीन वर्षांच्या लेकराला तेवढंही नाही. आजीपाशी ठेवावं तर ते आईवाचून राहत नाही, बरोबर न्यावं तर फडात त्याच्याकडं बघायला कुणी नाही.

पहिलं मागणं मुकादमांकडं. नवरा-बायको मिळून एक कोयता. लेकरू तापलं म्हणून बाई कोपीवर थांबली की खाडा लागतो. म्हणून थोरल्या बहिणीला राखणीला आणतात. तिची शाळा बुडते, आणि पळत्या पोराला आवरणं त्या पोरीलाही झेपत नाही. टोळीतल्या एका बाईला लेकरं सांभाळायला ठेवा आणि तिची मजुरी सगळ्या कोयत्यांवर वाटून घ्या. उचलीचा हिशोब ठरतो त्याच बैठकीत हेही ठरवा. पाचटात निजलेलं लेकरू मागं येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला दिसत नाही, हे मुकादमांना आम्ही काय सांगावं!

आई-बापांनो, निघण्याआधी अंगणवाडीत जाऊन लेकराचं वजन करा, दंडाचा घेर मोजून घ्या. घेर 11.5 सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर ते लेकरू अतिकुपोषित आहे; आधी दवाखाना, मग ऊस. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान असतो. जूनमध्ये वर्षाचं झालेलं लेकरू ऑक्टोबरात 16 महिन्यांचं होतं, म्हणजे बऱ्याच लेकरांचा डोस गाडी भरण्याआधीच बसू शकतो. ज्यांचा राहील त्यांनी तो कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात घ्यावा, पैसे लागत नाहीत. त्यासाठी माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर हवं. ते घरातल्या पेटीत ठेवून जाऊ नका.

जिथं उतराल तिथल्या अंगणवाडीत लेकराचं नाव लावून मागा. पोषण ट्रॅकरवर स्थलांतराची नोंद करता येते, तेव्हा इथल्या ताईंनी ती टोळी निघण्याआधीच करावी. तीन वर्षांच्या आतल्या लेकराला घरी न्यायचा शिधा मिळतो, तो त्याच्याच पोटात जाऊ द्या. चहात बुडवलेल्या बिस्किटानं भूक मरते, वर चहामुळं अन्नातलं लोहही अंगी लागत नाही. त्यापेक्षा वरणात कुस्करलेली भाकरी, अंडं, शेंगदाण्याचा कूट द्या. अख्खे शेंगदाणे मात्र नको, ते घशात अडकतात.

खाण्याइतकंच बोलणंही लागतं. पहाटे अंधारात फडावर जायचं आणि रात्री गाडी भरून यायचं, त्यात लेकराशी बोलायचं कधी, असं कुणीही विचारील, आणि ते खोटं नाही. पण भाकरी थापताना त्याला पिठाचा गोळा द्या, वाढ्याची मोळी बांधताना त्याच्याकडून मोजून घ्या, बैलाचं नाव विचारा. गप्प बसावं म्हणून हातात मोबाइल दिला की ते गप्पच राहतं. दोन वर्षांखालच्या लेकराला मोबाइल दाखवूच नये, असं डॉक्टर सांगतात. दीड वर्षाचं होऊनही चालत नसेल किंवा दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर “बापही उशिरा बोलला होता” म्हणून थांबू नका. अंगणवाडीत वर्षातून दोनदा होणाऱ्या तपासणीत हे सापडतं, पण हंगामातली तपासणी आपल्या लेकरांची हुकते. म्हणून एप्रिलमध्ये परत आल्यावर त्यांना स्वतःहून दाखवा.

गावात राहणाऱ्यांनो, नातवंडं सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या दारावरून रोज जाताच. कुणाचं लेकरू अंगणवाडीत पोचलं नाही, कुणाचं जुलाबानं मलूल पडलंय, एवढं विचारा आणि आशाताईला कळवा. क्षारसंजीवनी आणि झिंकच्या गोळ्या तिच्याकडं मिळतात.

आणि 108 हा रुग्णवाहिकेचा नंबर टोळीतल्या प्रत्येकाला पाठ हवा. कर्नाटकातही हाच नंबर चालतो.