महामार्गावर थंड, रांगेत गरम. इंजिन खोलण्याआधी पंखा तपासा

राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ताशी ८० किलोमीटर वेगाने धावताना गाडीच्या तापमानाचा काटा मधोमध स्थिर असतो. कोहमाऱ्याहून नवेगाव बांधकडे वळल्यावरही तक्रार नसते. पण महाशिवरात्रीला प्रतापगडच्या यात्रेच्या रांगेत किंवा मे महिन्यात तलावाजवळच्या गर्दीत गाडी दहा-पंधरा मिनिटे रेंगाळली, की काटा वर सरकू लागतो. मग बॉनेट उघडून बाटलीभर पाणी ओतले जाते आणि घरी पोहोचल्यावर ‘इंजिनाचे काम निघाले’ असे ठरवून टाकले जाते. अनेकदा हा निष्कर्ष घाईचा असतो आणि खिशाला महागात पडतो.

रांगेतच का तापते?

इंधनातील ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच गाडी ओढण्याच्या कामी येते. उरलेल्या उष्णतेचा मोठा भाग धुरावाटे बाहेर पडतो, तर दुसरा मोठा भाग कूलंट वाहून नेते. हे कूलंट इंजिनातून फिरून रेडिएटरमध्ये येते आणि तेथे हवेने थंड होते. धावत्या गाडीला ही हवा समोरून आपोआप मिळते. उभ्या गाडीत ती रेडिएटरजवळच्या पंख्यालाच खेचावी लागते.

म्हणूनच वेगात थंड आणि रांगेत गरम होणाऱ्या गाडीत पहिला संशय पंख्यावर घ्यायला हवा. त्याची मोटर, फ्यूज, रिले, वायरिंग आणि पंखा सुरू करण्याचा इशारा देणारा तापमान सेन्सर हे सारे आधी तपासायचे. यातला फ्यूज तर अगदी किरकोळ किमतीचा असतो.

गाडी वेगात किंवा चढावर तापत असेल तर कारण बहुधा वेगळे असते. कमी झालेले कूलंट, आतून चोंदलेला रेडिएटर, बंद स्थितीत अडकलेला थर्मोस्टॅट किंवा कमजोर वॉटर पंप, यांपैकी काहीही असू शकते. गळती दिसत नसताना कूलंट वारंवार कमी होणे आणि गरम इंजिनाच्या सायलेन्सरमधून सतत दाट पांढरा धूर येणे ही मात्र हेड गास्केट खराब झाल्याची लक्षणे आहेत. तेथे मोठा खर्च टाळता येत नाही.

घरच्या घरी काय पाहता येईल?

पहिली खूण एसी देतो. चालत्या गाडीत गार हवा आणि थांबल्यावर कोमट, असे होत असेल तर पंखा नीट फिरत नसण्याची शक्यता असते. अनेक नव्या छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो. त्यामुळे हा इशारा अधिक मोलाचा.

गाडी उभी करून इंजिन आणि एसी सुरू ठेवा. बहुतेक गाड्यांत थोड्या वेळात पंखा फिरू लागतो. एसी लावल्यावर फिरतो, पण एसी बंद असताना इंजिन तापूनही फिरत नसेल, तर सेन्सर किंवा त्याची वायर तपासायला सांगा. तपासताना हात लांब ठेवा. इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो.

दुसरे कारण या भागात सहज विसरले जाते. गोंदिया हा धानाचा जिल्हा. मळणीच्या दिवसांतला भुसा, रस्त्याची धूळ आणि रात्रीचे किडे एसीच्या जाळीत आणि तिच्यामागच्या रेडिएटरमध्ये अडकतात. मग पंखा फिरला तरी हवा आत जात नाही. थंड इंजिनावर पाण्याच्या हलक्या धारेने जाळी धुतली तरी फरक पडतो. जोराच्या प्रेशरने मात्र तिची पाती वाकतात.

‘पाणी टाका, थर्मोस्टॅट काढा’ हा सल्ला का नको?

अडचणीत साधे पाणी टाकून गॅरेज गाठणे ठीक. पण वर्षानुवर्षे बोअरवेलचे पाणी भरत राहिल्यास आत क्षार आणि गंज साचतो. मग पंख्याच्या छोट्या बिघाडाला रेडिएटरच्या मोठ्या बिघाडाची जोड मिळते. कूलंट गंज रोखते आणि उकळण्याचे तापमानही वाढवते.

थर्मोस्टॅट काढून टाकणे हाही उपाय नाही. त्याने इंजिन गरजेपेक्षा थंड चालते, इंधन जास्त लागते आणि झीज वाढते. मूळ दोष झाकला जातो, दुरुस्त होत नाही.

रस्त्यातच काटा लाल झाला तर?

एसी बंद करा, हीटर पूर्ण सुरू करा आणि सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा. ‘गाव जवळच आहे’ म्हणून गाडी दामटल्यास ॲल्युमिनियमचे हेड वाकू शकते. रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नका. आत दाबाखाली १०० अंशांपेक्षा गरम द्रव असू शकतो. झाकण सैल होताच त्याची वाफ होऊन तोंड, हात भाजतात. किमान अर्धा तास थांबा.

नवेगाव परिसरात आणखी एक भान हवे. २०१३ पासून हे जंगल नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. बहुतेक कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर, पण प्राण्यांसाठी विषारी असते. जुने कूलंट रस्त्याकडेला किंवा तलावाकाठी ओतणे हा साधा निष्काळजीपणा नाही. ते डब्यात भरून गॅरेजमध्येच द्यायला हवे.

मेकॅनिककडे ‘गाडी तापते’ एवढेच सांगणे पुरेसे नाही. कधी तापते, कुठे तापते, एसी लावल्यावर काय होते, हे सांगा आणि ‘पंखा सुरू होतो का, ते मला दाखवा’ असे म्हणा. पाच मिनिटांची ही तपासणी होण्याआधी इंजिन खोलायला होकार देऊ नये.