इंधनाचा डबा : यंत्राइतकाच विचार करून घ्यावयाची वस्तू

गडहिंग्लज तालुक्यात गेल्या काही वर्षांत लहान इंजिनांचा जो प्रसार झाला आहे, तो पाहून शेतीखात्यातील कोणाही कार्यकर्त्यास समाधान वाटावे. नूल-हलकर्णीकडील उसाच्या सऱ्यांतून पॉवर वीडर चालू लागला, नेसरी-महागावच्या बाजूस बांधावरचे गवत ब्रश कटरने निघू लागले, आणि पाठीवरचा पेट्रोलवर चालणारा फवारणी पंप तर मजूरटंचाईमुळे लहान शेतकऱ्याच्या घरीही आला. २०१४-१५ साली सुरू झालेल्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून अशा यंत्रांस अनुदानाचे साह्यही मिळत आले आहे. यंत्र घेताना शेतकरी चार दुकाने हिंडतो, अश्वशक्ती विचारतो, सुटे भाग कोठे मिळतील याची चौकशी करतो. त्याच यंत्राचे पेट्रोल मात्र शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीतून, नाहीतर कीटकनाशकाच्या जुन्या डब्यातून रानात येते. माझ्या मते ही विसंगती लहान नाही. तिच्याकडे आजवर आम्ही खात्यातील माणसांनीही पुरेसे लक्ष दिलेले नाही.

याची कबुली प्रथम मीच द्यावयास हवी. एका खरीप हंगामात वीडरच्या प्रात्यक्षिकाच्या वेळी तेल संपले. इंजिन तापलेले होते. नरसाळे आणावयाचे राहिले होते. घाईत मी स्वतः पाण्याच्या बाटलीतून टाकीत पेट्रोल ओतू लागलो. बाटलीने गचके घेतले आणि ओंजळभर पेट्रोल टाकीवरून सायलेन्सरच्या बाजूस ओघळले. पांढरी वाफ उठली. सुदैवाने तेवढ्यावरच निभावले. जमलेल्या मंडळींत एक वृद्ध निवृत्त जवान होते. त्यांनी माझा हात मागे ओढला व म्हणाले, "सायेब, फौजेत आमी असं तेल वतलं असतं तर आमास्नी क्वार्टर गार्डात बसवलं असतं." नंतर त्यांनी घरून आपला जुना हिरवा जेरीकॅन आणून दाखविला. त्या दिवशी प्रात्यक्षिक वीडरचे ठरले होते. खरे प्रात्यक्षिक त्या डब्याचे झाले.

त्या डब्याचा इतिहास सांगण्याजोगा आहे. जर्मन सैन्यासाठी १९३७ च्या सुमारास हा वीस लिटरचा डबा तयार झाला. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात इंग्रज फौजेचे पेट्रोल पातळ पत्र्याच्या चौकोनी डब्यांतून जात असे. ते डबे इतके गळत, की तळापासून आघाडीपर्यंत पोहोचताना सुमारे तीस टक्के इंधन वाया जाते असा अंदाज सेनापती ऑकिनलेक यांनी केला होता. शत्रूचा डबा हाती येताच इंग्रजांनी त्याची नक्कल केली, आणि जर्मनांना सैनिकांनी ठेवलेल्या 'जेरी' या टोपणनावावरून तो जेरीकॅन झाला. त्याचे गुण कोणते? झाकणास आटे नाहीत. खटक्याने घट्ट दाबून बसणारे, डब्यालाच जोडलेले झाकण आहे, म्हणून ते हरवत नाही. मानेत हवा आत जाण्यास स्वतंत्र नळी आहे, म्हणून ओतताना गचके बसत नाहीत. बाजूचे खोलगट पन्हाळे उन्हात इंधन फुगले असता पत्र्यास थोडे पसरू देतात. तीन मुठी असल्यामुळे भरलेला डबा दोघांना मिळून सहज उचलता येतो.

आता धोका नेमका कोठे असतो, हे पाहिले पाहिजे. पेट्रोल स्वतः जळते असे म्हणण्यापेक्षा त्याची वाफ जळते असे म्हणणे अधिक बरोबर. ही वाफ शून्याखाली चाळीस अंश सेल्सियसच्या सुमारासही पेट घेण्याइतकी निर्माण होते. मग वैशाखातील दुपारची गोष्ट काय सांगावी! शिवाय ती हवेपेक्षा तीन ते चार पट जड आहे. म्हणजे सांडलेल्या पेट्रोलची वाफ वर उडून जात नाही. पाण्यासारखी उताराने सरीत उतरते व उभ्या उसात जेथे वारा लागत नाही तेथे साचून राहते. बांधावर बसून बिडी ओढणाऱ्यास ती दिसत नाही. डिझेलची गोष्ट वेगळी आहे; ते एवढ्या सहजासहजी पेटत नाही. डिझेल इंजिनावर वर्षे काढलेला शेतकरी पेट्रोल इंजिनाकडे वळला की जुनीच सवय पुढे चालवितो, आणि म्हणून तोच अधिक जपावा लागतो.

कायद्याचे म्हणणेही स्पष्ट आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याच्या कलम ८ प्रमाणे विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येते. परंतु ते घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनीमातीच्या किंवा धातूच्या भांड्यातच असले पाहिजे. काचेचे वा चिनीमातीचे भांडे एक लिटरपेक्षा व धातूचे २५ लिटरपेक्षा मोठे असू नये. साध्या प्लास्टिकच्या बाटलीचा त्यात उल्लेखही नाही. काच रानात टिकणार नाही. तेव्हा व्यवहारात धातूचा डबा हाच मार्ग उरतो.

तो किती मोठा घ्यावा? येथे माझे मत अनेकांशी जुळत नाही. पुष्कळांना वीस लिटरचा डबा सोयीचा वाटतो, कारण गडहिंग्लजच्या पंपावर एक खेप वाचते. परंतु भरलेला वीस लिटरचा डबा पंधरा किलोहून जड होतो, आणि एक-दीड लिटरच्या टाकीच्या लहानशा तोंडात तो एकट्याने नेमका वाकविणे धडधाकट माणसासही कठीण जाते. सांडण्याचे निम्मे कारण हे वजनच असते. ज्याच्याजवळ केवळ ब्रश कटर किंवा फवारणी पंप आहे, त्याने पाच लिटरचाच डबा घ्यावा. वीडरवाल्याने फार तर दहाचा. घेताना बूड रुंद आहे, झाकणातील वायसर पेट्रोल सोसणारा आहे, आतील बाजूस गंज नाही आणि सोबत लांब तोटी मिळते, एवढे पाहावे. तोटी टाकीच्या तोंडात दोन बोटे खोल जावयास हवी. नुसती कडेवर टेकणारी तोटी निरुपयोगी.

परदेशात आपोआप बंद होणाऱ्या तोट्या निघाल्या आहेत. त्यांचे तत्त्व सोपे आहे. तोटीत दोन वाटा असतात, एकीतून इंधन बाहेर पडते व दुसरीतून हवा आत जाते. टाकी भरत येऊन तोटीचे टोक इंधनात बुडाले की हवेची वाट बंद होते व धार थांबते. कॅलिफोर्नियाने २००१ पासून व सर्व अमेरिकेने २००९ पासून डब्यांस कडक नियम लावले. पण आरंभीच्या काही तोट्या इतक्या किचकट होत्या, की लोक त्या काढून टाकून पूर्वीपेक्षा अधिक सांडू लागले, अशा तक्रारी तेथेही झाल्या. आपण यातून एवढेच घ्यावे, की ओल्या हाताने व घाईत वापरता येईल तेच साधन रानात टिकते. अलीकडे तेथे डब्याच्या तोंडात बारीक जाळी बसविण्याचा नियम झाला आहे. १८१५ साली डेव्हीने खाणकामगारांच्या दिव्यास जी जाळी लावली, तिचेच हे तत्त्व; धातूची जाळी ज्वाळेची उष्णता शोषून घेते व ज्योत आत शिरू देत नाही. अशी जाळी असलेला डबा मिळाला तर अवश्य पसंत करावा, आणि भरताना अडथळा होतो म्हणून ती उपटून टाकू नये.

"बाटली फुकट मिळते, डब्याला पैसे पडतात," हा आक्षेप मी नेहमी ऐकतो. हिशेब करून पाहू. प्रत्येक वेळी केवळ ५० मिलिलिटर सांडले, दिवसातून दोनदा टाकी भरली आणि हंगामात वीस दिवस काम झाले, तर दोन लिटर पेट्रोल मातीत गेले. आजच्या दराने हे दोनशे रुपयांहून अधिक होतात. बाटलीची दुसरी किंमत तर पैशांत मांडता येणारी नाही. पाण्याच्या बाटलीतले पेट्रोल तहानलेल्या मजुराने किंवा घरातील लेकराने तोंडास लावल्याचे प्रकार होतात. अशा वेळी उलटी करविण्याचा प्रयत्न मुळीच करू नये, कारण उलटीबरोबर पेट्रोल फुप्फुसात शिरून अधिक घात होतो. रोग्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे. नळीला तोंड लावून टाकीतून पेट्रोल ओढण्याची रीतही याच कारणाने सोडली पाहिजे.

आता एक नवी गोष्ट लक्षात घ्यावयाची आहे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि त्यातले काही उसापासून होते. म्हणजे आपल्या रानातला ऊस एका परीने आपल्याच यंत्राच्या टाकीत येतो. त्याचा दोष असा, की इथेनॉल पाणी ओढून घेते. आपल्याकडील आषाढातल्या दमट हवेत अर्धवट झाकलेल्या डब्यात पाणी शिरले, तर ते इथेनॉलसह तळाशी बसते व इंजिन सुरूच होत नाही. दोष मात्र यंत्रावर येतो. म्हणून झाकण घट्ट हवे, आणि लागेल तेवढेच पेट्रोल आणावे. टू-स्ट्रोक इंजिनाचे तेलमिश्रित पेट्रोल वेगळ्या डब्यात ठेवून त्यावर रंगाने ठळक लिहावे; साधे पेट्रोल चुकून त्या इंजिनात गेल्यास पिस्टन धरतो.

डबा कितीही चांगला असला तरी वापरणाऱ्याचा हात महत्त्वाचा आहेच. पंपावर डबा मोटारसायकलच्या सीटवर किंवा ट्रॉलीत ठेवून भरू नये; जमिनीवर ठेवावा व पंपाची तोटी त्याच्या तोंडास टेकलेली असावी, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडत नाही. गळ्यापर्यंत भरू नये. दहा लिटर पेट्रोल सकाळच्या गारव्यातून दुपारच्या उन्हात तीस अंशांनी तापले, तर पाव लिटरहून अधिक फुगते. रानात इंजिन बंद करून दहा मिनिटे निवू द्यावे. पाठीवरचा पंप तर आधी खाली उतरवलाच पाहिजे. मजुराच्या पाठीवर यंत्र तसेच ठेवून दुसऱ्याने वरून पेट्रोल ओतण्याचा प्रकार मी पाहिला आहे, आणि तो आठवला की आजही अंगावर काटा येतो. पेट्रोल पेटलेच तर पाणी न मारता माती टाकावी.

गावपातळीवरील आमच्या सहकाऱ्यांस माझी सूचना अशी, की यापुढे कोणत्याही लहान इंजिनाचे प्रात्यक्षिक डब्यावाचून करू नये, आणि विकास सेवा सोसायट्यांनी खते-औषधांच्या जोडीस पाच लिटरचे चार-दोन डबे दुकानात ठेवावेत. नवा डबा आणला की त्यात प्रथम पाणी भरावे, झाकण लावून कोरड्या वर्तमानपत्रावर रात्रभर आडवा ठेवावा. सकाळी कागद ओला दिसला तर वायसर बदलून घ्यावा. कोरडा असला तर पाणी काढून, डबा उन्हात पूर्ण वाळवून मगच पंपावर न्यावा.