विश्लेषण : बातमी गोळा करणाराच जाहिरात मागतो तेव्हा… ‘पेड न्यूज’ सिद्ध का होत नाही?

निवडणूक जाहीर झाली की इतर जिल्ह्यांप्रमाणेच जालन्यातही जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली माध्यम प्रमाणन व सनियंत्रण समिती कामाला लागते. परतूर, घनसावंगी, जालना, बदनापूर आणि भोकरदन या पाच विधानसभा मतदारसंघांतील उमेदवारांबद्दल वर्तमानपत्रांत काय छापून आले, हे तपासणे तिचे काम. बातमीच्या वेशात जाहिरात छापली गेली आहे का, हे तिला ठरवायचे असते. मात्र बातमी आणि जाहिरात यांतली रेघ समितीपर्यंत कात्रण येण्याच्या कितीतरी आधी, तालुक्याच्या गावी, वार्ताहराच्या टेबलावरच पुसली गेलेली असते.

वार्ताहराच्या हातात पावतीपुस्तक

बातमी मिळवण्याच्या गैरमार्गांची चर्चा निघाली की उदाहरण दिले जाते ते ब्रिटनच्या ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’चे. खून झालेल्या शाळकरी मुलीच्या मोबाइलमधील व्हॉइसमेल या साप्ताहिकासाठी चोरून ऐकले गेल्याचे जुलै २०११ मध्ये उघड झाले आणि १६८ वर्षे चाललेले ते पत्र आठवडाभरात बंद करावे लागले. खासगी गुप्तहेर आणि पोलिसांना दिलेले पैसे हे सारे पुढे न्यायालयांत आणि न्यायमूर्ती लेव्हिसन यांच्या चौकशीत चर्चिले गेले. तेथे बातमीसाठी वृत्तपत्र पैसे मोजत होते.

आपल्याकडचा आजार उलट दिशेचा आहे. मराठी वृत्तपत्रांचे तालुका पातळीवरचे बहुतेक वार्ताहर पगारी नोकर नसतात. महिन्याचे मानधन मिळते ते किरकोळ, आणि खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनवर. दिवाळी, वर्धापनदिन, नेत्याचा वाढदिवस, स्वातंत्र्यदिन अशा प्रत्येक पुरवणीचे ‘टार्गेट’ ठरलेले. जाफराबाद किंवा मंठ्याच्या वार्ताहराने सकाळी ज्या पंचायत समिती सदस्याला रखडलेल्या विहिरीच्या अनुदानाबद्दल प्रश्न विचारायचा, त्याच्याकडेच संध्याकाळी शुभेच्छांच्या अर्ध्या पानासाठी जायचे. मग सकाळचा प्रश्न थोडा मवाळ होतो. काही ठिकाणी उलटेही घडते. बातमीची धमकी देऊन जाहिरात काढली जाते. खंडणीच्या अशा तक्रारींमुळे प्रामाणिक वार्ताहरालाही ‘तुम्हाला किती हवेत?’ हा प्रश्न ऐकावा लागतो.

यात सगळा दोष वार्ताहरावर ढकलणे सोयीचे आहे, पण खरे नाही. ही पद्धत त्याने आखलेली नाही. भारतीय पत्रकार परिषदेच्या २०१० च्या उपसमितीचे निरीक्षण असे होते, की पैशांच्या बदल्यात बातमी हा काही पत्रकारांचा वैयक्तिक भ्रष्टाचार राहिलेला नसून तो संघटित रूपात माध्यम कंपन्यांच्या पातळीवर पोहोचला आहे. परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांचा हा अहवाल ७१ पानांचा होता. परिषदेने तो पूर्ण रूपात प्रसिद्ध न करता संक्षिप्त अहवाल स्वीकारला. मूळ अहवाल खुला झाला तो २०११ मध्ये, केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर.

‘अशोक पर्व’ आणि नांदेडचा धडा

या चौकशीमागचे सर्वांत गाजलेले प्रकरण मराठवाड्यातलेच. ऑक्टोबर २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण नांदेड जिल्ह्यातील भोकरमधून उभे होते. त्या काळात मराठी दैनिकांत त्यांच्या कामगिरीची रंगीत पानेच्या पाने आली. ‘अशोक पर्व’ हे शब्द तेव्हाचे. पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये लिहिले, की अशी किमान ४७ पूर्ण पाने त्यांच्या वृत्तपत्राला मिळाली होती. एकच लेख शब्दशः परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या तीन मोठ्या दैनिकांत आला होता. आणि उमेदवाराने सादर केलेल्या हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींवरचा खर्च होता ५,३७९ रुपये.

चव्हाण यांची भूमिका अशी, की आपण या मजकुरासाठी काही दिलेले नाही. वृत्तपत्रांनीही पैसे घेतल्याचा इन्कार केला. पराभूत उमेदवार माधवराव किन्हाळकर यांच्यासह इतरांच्या तक्रारींवर निवडणूक आयोगाने चौकशी सुरू केली, तेव्हा आयोगाला तो अधिकार आहे का, हाच वाद आधी दिल्ली उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेला. ५ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खर्चाच्या हिशेबाचा खरेपणा तपासण्याचा आयोगाचा अधिकार मान्य केला. जुलैमध्ये आयोगाने चव्हाण यांनी हिशेब विहित पद्धतीने दिला नसल्याचा निष्कर्ष काढला. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. पाच वर्षे गेली. विधानसभेची मुदतही संपत आली होती.

पेच कोठे आहे?

लोकप्रतिनिधित्व कायद्यातील कलम ७७ नुसार उमेदवाराच्या खात्यात धरला जातो तो त्याने, त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने केलेला खर्च. म्हणजे मजकूर गौरवपर आहे, तो तीन पत्रांत सारखाच आहे, एवढे दाखवून भागत नाही. पैसे कोणी दिले आणि उमेदवाराची संमती होती का, तेही दाखवावे लागते. असे व्यवहार बहुधा रोखीत, पावतीविना होतात. देणारा आणि घेणारा दोघेही नाकारतात, आणि तिसरा साक्षीदार नसतो.

याला अपवाद उत्तर प्रदेशातील बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांचा. दोन हिंदी दैनिकांतील मजकुराचा २१,२५० रुपयांचा खर्च हिशेबात न दाखवल्याबद्दल आयोगाने त्यांना ऑक्टोबर २०११ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले. मध्य प्रदेशातील मंत्री नरोत्तम मिश्रा यांच्याविरुद्धचा २०१७ चा असाच आदेश मात्र पुढच्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयात टिकला नाही.

विधी आयोगाने मार्च २०१५ च्या २५५ व्या अहवालात बातमीसाठी पैसे देणे आणि घेणे या दोन्हींची व्याख्या करून त्यांना निवडणूक गुन्हा ठरवावे, अशी शिफारस केली. तसा कायदा झालेला नाही. वृत्तपत्राविरुद्धची तक्रार जाते ती पत्रकार परिषदेकडे. १९७८ च्या कायद्याने परिषदेला ताकीद देण्याचा, समज देण्याचा, नापसंती नोंदवण्याचा अधिकार दिला आहे. दंड करण्याचा दिलेला नाही.

वाचकाने काय पाहावे?

निवडणूक आयोगाने संशयास्पद मजकुराच्या ज्या खुणा सांगितल्या आहेत, त्या कोणालाही ओळखता येतील अशा आहेत. वेगवेगळ्या दैनिकांत त्याच सुमारास तोच लेख, तेच छायाचित्र आणि लेखकाचे नाव मात्र निराळे. एकाच पानावर दोन प्रतिस्पर्ध्यांचा विजय निश्चित असल्याची दोन भाकिते. हा प्रकार विनोदी वाटतो, पण दोन पॅकेजे विकली गेली की असेच होणार. समाजातील सर्व घटकांचा एकाच उमेदवाराला पाठिंबा असल्याचे सांगणारी बातमी. कोपरा सभेला मोठी जागा आणि विरोधकाच्या सभेचा उल्लेखही नाही. भोकरदनच्या चहाच्या टपरीवर दोन अंक शेजारी ठेवले तरी यातले बरेच कळते.

‘रॉयटर्स इन्स्टिट्यूट’च्या २०२४ च्या पाहणीत भारतातील ४१ टक्के लोकांनी बातम्यांवर साधारणपणे विश्वास असल्याचे सांगितले. ही पाहणी इंग्रजी जाणणाऱ्या ऑनलाइन वाचकांपुरती आहे. अंबड किंवा घनसावंगीचा वाचक तिच्यात नाही. पण त्याच्याकडे दिल्ली-मुंबईच्या वाचकाकडे नसलेले एक माप आहे. बातमीतला रस्ता, विहीर, सभा त्याने स्वतः पाहिलेली असते.

सप्टेंबर २०२३ मध्ये अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला, तेव्हा आधी लाठी चालली की आधी दगड आले, यावर पोलीस आणि ग्रामस्थांचे म्हणणे पूर्णतः वेगळे होते. पुढचे कित्येक महिने राज्याचे राजकारण त्या एका संध्याकाळीभोवती फिरले. अशा वेळी पहिला तपशील येतो तो जागेवर पोहोचलेल्या तालुका वार्ताहराकडून, आणि त्याचा शब्द ग्राह्य धरायचा की नाही हे लोक त्याने वर्षभर काय छापले यावरून ठरवतात. वाढदिवसाच्या पुरवणीचाही त्यात हिशेब होतो.

जिल्हा समितीने मजकूर ‘पेड न्यूज’ ठरवला तर निवडणूक निर्णय अधिकारी उमेदवाराला नोटीस देतो, आणि उत्तरासाठी ४८ तासांची मुदत असते. निर्णय विरुद्ध गेल्यास त्या जागेचा जाहिरातीच्या सरकारी दराने होणारा खर्च उमेदवाराच्या खात्यात टाकला जातो. विधानसभेसाठी खर्चाची मर्यादा सध्या ४० लाख रुपये आहे. ती ओलांडली नाही तर उमेदवाराचे फारसे काही बिघडत नाही.