रक्त जुळले नसते तर?

वर्षावासातल्या एका रविवारी विहारात ग्रंथवाचन आटोपल्यावर महिला मंडळाने सिनेमा दाखवण्याचा बेत केला. कोणाच्या तरी मुलाने प्रोजेक्टर आणला, भिंतीला पांढरी चादर लावली आणि १९५९ सालचा बिमल रॉय यांचा 'सुजाता' सुरू झाला. नाव आपल्या जिव्हाळ्याचे. सिद्धार्थाला खीर देणारी ती सुजाता. आपल्या वस्तीत हाक मारली तर चार घरांतून चार सुजाता बाहेर येतील.

कथा बहुतेकांना ठाऊक असेल. पटकीच्या साथीत आईबाप गेलेली अस्पृश्य मजुराची पोर एका सवर्ण इंजिनिअरच्या घरी वाढते. त्या घरची आई चारू म्हणजे आपल्या सुलोचनाबाई. ही आमची मुलगी नव्हे, मुलीसारखी, असे ती आल्यागेल्याला सांगते. अधीर म्हणजे सुनील दत्त सुजातावर प्रेम करतो. तो टेलिफोनवर गाणे म्हणतो आणि नूतन रिसीव्हर कानाला लावून मुकाट रडते. तेथे आमच्या आज्यांचे पदर डोळ्यांना लागले. पण चारूला हा जावई पोटच्या रमासाठी हवा असतो. मग चारू पडते, जबर लागते, रक्ताची गरज पडते आणि ते नेमके सुजाताचेच जुळते. तेव्हा कुठे ती 'मुलगी' होते आणि लग्नाची वाट मोकळी होते.

दिवे लागले. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी आम्हाला म्हणाली, "काका, रक्त जुळलं नसतं तर?"

"अगं, सिनेमा हाय तो," एक आजी म्हणाल्या. सतरंज्या गोळा झाल्या. आम्हाला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

बिमल रॉय यांच्या हेतूबद्दल आम्हाला शंका नाही. धम्मदीक्षेला तीनच वर्षे झालेली, त्या काळात अस्पृश्य मुलीला नायिका करणे सोपे नव्हते. अधीरही तिची जात कळल्यावर मागे हटत नाही, हे कबूल केले पाहिजे. तरी घराचे दार उघडते ते तिच्या रक्तानेच. त्याही आधी १९३६ साली बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' आला होता. देविकाराणी ही रेल्वे फाटकवाल्याची मुलगी कस्तुरी, अशोककुमार हा ब्राह्मणाचा मुलगा प्रताप. त्यांचे लग्न होत नाही आणि शेवटी कस्तुरी गाडीखाली मरते. त्याच १९३६ साली बाबासाहेबांनी 'जातिभेद निर्मूलना'त आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा उपाय म्हणून मांडला होता. पडद्याने मुलीचा बळी घेऊन प्रश्न मिटवला. एकीने जीव दिला, दुसरीने रक्त दिले. तुला काय हवे, हे कोणी विचारले नाही.

बाकीच्या सिनेमांतही मुलींना विचारतो कोण? नायक मागे मागे फिरतो, ती नाही म्हणते, आणि तो अधिकच फिरतो. २०१३ च्या 'रांझणा'त तर तो तिच्यासमोर मनगट कापून घेतो आणि मुलगी विरघळते. आपल्या नाक्यावरची पोरे हेच पाहून शिकतात. दोष एकट्या पोरांचा म्हणता येत नाही. घरी आपणही तेच बघतो आणि हसतो.

'सैराट'ने २०१६ साली वेगळे केले. आर्ची स्वतः बुलेट चालवते, स्वतः पाहते, स्वतः होकार देते. पण ती पाटलाची लेक, आणि शेवट तुम्ही पाहिलाच आहे. आपली मुलगी आपल्या नावानिशी नवरी झालेली आम्ही पाहिली ती २०२३ साली, अ‍ॅमेझॉन प्राइमवरच्या 'मेड इन हेवन' या मालिकेत. नीरज घायवान यांनी दिग्दर्शित केलेला तो भाग. राधिका आपटे ही पल्लवी मेनके, शिकवणारी, लिहिणारी. ती कोणाला रक्त देत नाही. सासरच्या विधीबरोबर आपल्या पद्धतीनेही लग्न झाले पाहिजे एवढेच मागते, आणि प्रेम करणाऱ्या नवऱ्यालाही तेवढे मागणे जड जाते. बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर ती उभी राहिली तेव्हा आमच्या घरी कोणी बोलले नाही.

पडद्याला नावे ठेवून आम्ही मोकळे होत नाही. गेल्या महिन्यात वधू-वर परिचय मेळाव्यात फॉर्म भरून देण्याचे काम नेहमीप्रमाणे आमच्याकडे होते; कारकुनाचे अक्षर बरे असते म्हणतात. फॉर्मवर शेवटी 'अपेक्षा' असा रकाना असतो. इतक्या वर्षांत आम्ही तो मुलींच्या वडिलांना विचारूनच भरत आलो. मुलगी शेजारी खाली मान घालून बसलेली, आणि आम्ही लिहितो: नोकरी असलेला, निर्व्यसनी, स्वतःचे घर. चूक आमचीही आहे.

यावेळी विहारातल्या त्या मुलीची थोरली बहीण वडिलांबरोबर आली होती. वडील सांगू लागले तसे आम्ही पेन थांबवले आणि फॉर्म तिच्याकडे सरकवला. वडील म्हणाले, "साहेब, तिला काय कळतंय?" तिने मात्र पेन घेतले. थोडा वेळ नुसतीच बसली. मग लिहू लागली. नोकरी सोडायला लावणार नाही, पगार हातातून काढून घेणार नाही, आईवडिलांना पैसे दिले तर विचारणार नाही. वडील वाकून वाचत होते. रकाना संपला तेव्हा तिने फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला पुढे लिहिले.