लाकडाला नजर देणारे हात

धान कापणीला आले आहे, गावोगाव मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, तारखा ठरू लागल्या आहेत, आणि अशा वेळी दिवाळी अंकाच्या पहिल्याच पानावर मी यंत्रमानवाचा विषय काढतो आहे. त्याचा भंडारा जिल्ह्यातल्या आपल्या तुमसरशी जवळचा संबंध आहे, असे मला मनापासून वाटते.

३० डिसेंबर २०१७ रोजी पवईच्या आयआयटीत, टेकफेस्टच्या मंचावर साडी नेसून एक पाहुणी आली. नाव सोफिया. हाँगकाँगच्या हॅन्सन रोबोटिक्स कंपनीने घडवलेली ही यंत्रमानवी तोवर जगभर गाजली होती. दोनच महिन्यांपूर्वी सौदी अरेबियाने तिला नागरिकत्व जाहीर केले होते. चर्चा झाली ती तिच्या उत्तरांची आणि बुद्धीची. तिचे कर्ते डेव्हिड हॅन्सन यांनी पूर्वी डिस्नेकडे शिल्पकार म्हणून काम केले होते, याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. मला तीच गोष्ट मोठी वाटते. सोफियाच्या चेहऱ्यासाठी त्यांनी स्वतः विकसित केलेली रबरासारखी एक मऊ, सच्छिद्र त्वचा वापरली. आतल्या छोट्या मोटरींनी हलकेच ओढले तरी तिच्यावर माणसासारख्या सुरकुत्या पडतात. सुरकुती कुठे पडावी, हे ठरवायला शिल्पकाराचा डोळा लागतो.

त्याच पवईत, केंद्रीय विद्यालयात संगणक शिकवणारे दिनेश पटेल यांनी पुढे शालू नावाची यंत्रमानवी घडवली. पुठ्ठा, लाकूड, प्लास्टिक, ॲल्युमिनियम अशा टाकाऊ वस्तूंतून, जवळपास तीन वर्षे खपून, सुमारे पन्नास हजार रुपयांत. शालू मराठीतही बोलते. एका शिक्षकाने शाळेची नोकरी सांभाळून हे केले, याचा मला फार अभिमान वाटतो.

पण मराठी माणसाला बोलत्या बाहुल्याचे नवल नाही. आपला अर्धवटराव शंभरी ओलांडून गेला आहे. शब्दभ्रमकार यशवंत पाध्ये यांनी त्याला जन्माला घातले आणि १९६७ पासून रामदास पाध्ये यांनी त्याला महाराष्ट्राच्या घराघरात नेले. रामदासजी शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनियर. शब्दभ्रमाच्या बाहुल्याचे डोके पोकळ असते. आत दांडी, दोऱ्या, स्प्रिंगा आणि कळा. एका हाताच्या बोटांवर जबडा, डोळे, मान सगळे चालते. यात ना संगणक, ना वीज. तरीही अर्धवटरावाने तिरक्या नजरेने पाहिले की आख्खे सभागृह त्याच्याशी बोलू लागते. १९९३ च्या ‘झपाटलेला’ चित्रपटातला तात्या विंचू हा बाहुलाही रामदास पाध्ये यांच्याच हातचा. दिलीप प्रभावळकरांचा आवाज त्याला मिळाला आणि एका बाहुल्याने मराठी मुलांची झोप उडवली.

या दोन बाहुल्यांतला एक आपलासा वाटतो आणि दुसऱ्याची धास्ती वाटते, ती घडवणाऱ्याने योजूनच. अडचण तेव्हा येते, जेव्हा धास्ती नको असतानाही वाटते. जपानी अभियंते मासाहिरो मोरी यांनी १९७० साली एका लेखात ही अडचण नेमकी मांडली. यंत्र माणसासारखे दिसू लागले की ते आवडत जाते. मात्र हुबेहूब होण्याच्या थोडेसे अलीकडे एकाएकी ते नकोसे, प्रेतासारखे वाटू लागते. त्याच लेखात मोरींनी जपानच्या बुनराकू बाहुल्यांचा दाखला दिला. जवळून पाहिले तर लाकूड, पण नाट्यगृहात डोळ्यांच्या आणि हातांच्या हालचालीत प्रेक्षक गुंतला की ती बाहुली परकी राहत नाही. यंत्रशास्त्रज्ञाने नाटकवाल्यांकडे बोट दाखवले, ते उगाच नाही. कातडी कितीही खरी केली तरी हालचालीची वेळ चुकली की सोंग उघडे पडते. माणसाची पापणी मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा लवते, आणि तीही एकसारख्या अंतराने नाही. बाजूला आवाज झाला तर आधी डोळे वळतात, मान मागाहून येते.

हे ज्ञान पूर्व विदर्भातल्या आपल्या झाडीपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या आहे. दंडार, खडी गंमत या लोकनाट्यांत स्त्रीची भूमिका पुरुष करतात. ना सिलिकॉन, ना मुखवटा. चाल, मानेचा कल आणि नजर यांच्या बळावर रात्रभर जागलेल्या गावाला ते बाई दाखवतात. आपले वाढई, म्हणजे सुतार, मुलांच्या तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी घडवतात. पोरे चाकांवरचा नंदी ओढत बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत दारोदार फिरतात, तेव्हा त्या लाकडाच्या डोळ्यांत काहीतरी जिवंत दिसते, कारण घडवणाऱ्याने खरा बैल आयुष्यभर जवळून पाहिलेला असतो. आणि तुमसर तालुक्याच्या डोंगरी बुजुर्ग खाणीतले मँगनीज डायऑक्साइड, खेळणी ज्यांवर चालतात त्या कोरड्या बॅटरीच्या कारखान्यांत जाते. माती आपली, हात आपले. मुलांच्या हाती येणारे चालते-बोलते खेळणे मात्र बहुधा बाहेरून आलेले असते.

याचे कारण मला शाळेत दिसते. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा देणारी मुले एका वर्गात, मोटरी आणि सेन्सर जोडणारी दुसऱ्या वर्गात. दोघांची गाठच पडत नाही. दहावीनंतर चित्रकला सुटते ती कायमची, आणि आयटीआयच्या फिटरला चेहरा काढायला कुणी सांगत नाही. रोबोटिक्स म्हणजे तयार संच आणून जोडणे, ही समजूत पसरते आहे आणि ती घातक आहे. अशा संचातून मुलगा जोडणी शिकेल. पाहायला शिकणार नाही.

म्हणून पालकांना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे. या मंडईत नाटक पाहून झाले की मुलांना रंगपटात घेऊन जा, नटाला विचारू द्या की रडताना खांदा आधी हलतो की ओठ. गावातल्या वाढयाला शाळेत मानाने बोलवा, त्याच्या वेळेचा मोबदला द्या, आणि चित्रकलेचे गुरुजी व आयटीआयची मुले यांच्याबरोबर एका टेबलाशी बसवा. पुढच्या तान्ह्या पोळ्याला तालुक्यातल्या एका तरी शाळेतून असा नंदी निघावा, जो हाक मारली की आधी डोळे वळवील आणि मग मान. त्याची छायाचित्रे आणि कृती आमच्याकडे पाठवा. पुढच्या दिवाळी अंकात त्यासाठी पाने राखून ठेवली आहेत.